वाकळेचा घास

माणदेशातला उन्हाळा माणसाची परीक्षा घ्यायला येतो आणि निकाल न सांगताच निघून जातो, असे शिरसमाळ गावातील वृद्ध म्हणत असत. त्या वर्षी चैत्र अर्धाही सरला नव्हता, तोच विहिरींनी तळ दाखविले. माळावरची कुसळे पांढरी पडली. भर दुपारी कावळासुद्धा लिंबाची सावली सोडून बाहेर पडेना. अशा त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत बनुबाई घराच्या सोप्यात वाकळ पसरून बसली होती आणि टाक्यामागून टाका घालीत होती.

वाकळ लहान होती, तान्ह्या जिवापुरती. तिच्या चार कोपऱ्यांवर चार गुळगुळीत दगड ठेवलेले होते. वरच्या अंगाला सासूच्या जुन्या लुगड्याचा मऊ पदर, खालच्या अंगाला धोतराचे अस्तर, आणि दोहोंच्या मध्ये, म्हणजे वाकळेच्या पोटात, धुऊन वाळवलेल्या चिंध्यांचा भर. बनुबाईचे टाके जोंधळ्याच्या दाण्यासारखे एकसारखे पडत. कडेपासून निघून ती चौकोनातून चौकोन काढीत मध्याकडे येई. दोरा ती कधी कापून टाकीत नसे. उसवलेला जुना दोरासुद्धा तुरीच्या काडीवर गुंडाळून कनवटीला खोचून ठेवी. "दोऱ्यानं काय पाप केलंय?" असे ती म्हणे.

ही विद्या तिला दुःखाने शिकविली होती. आटपाडीच्या त्या पट्ट्यातील पुष्कळ पुरुष सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात जातात. त्याला गलाईला जाणे म्हणतात. बनुबाईचा नवरा अमृत हाही दूर दक्षिणेत गलाईला होता. त्यांना क्रांती नावाची एकच मुलगी. एका दुष्काळात पाण्याचा टँकर गावात आला, हंडे-कळशा घेऊन माणसे धावली, आणि टँकर मागे घेताना चालकाला पाच वर्षांची क्रांती दिसली नाही. दिवसकार्य उरकून अमृत परत गेला तो गेलाच. तिकडे त्याने दुसरे घर मांडले, ही गोष्ट गावाला आधी कळली आणि बनुबाईला सर्वांच्या शेवटी. तिच्या कपाळावर कुंकू राहिले, परंतु कुंकवाचा धनी राहिला नाही.

तेव्हापासून तिने सुई धरली. रडू दाटून येई तेव्हा ती सुईत दोरा ओवायला घेई. ओवताना डोळे कोरडे ठेवावेच लागतात. ओल्या डोळ्यांना सुईचे नाक दिसत नाही. अशा रीतीने ओवता ओवता तिचे रडणे मागे पडले. पुढे गावातील बायका जुन्या लुगड्यांची बोचकी घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. कुणाची सासू गेलेली, कुणाचे मूल गेलेले. त्या कपड्यांविषयी बोलत, बनुबाई शिवीत असे, आणि उठून जाताना त्यांचे खांदे थोडे हलके झालेले असत. घरात तिच्या मालकीचे असे काही नव्हते. सोप्यातील खांबाजवळची ती हातभर जागा मात्र तिची होती.

त्या दुपारी धाकटा दीर अर्जुना फटफटी उभी करून सोप्यात आला. डोक्याचा रुमाल काढून त्याने घाम पुसला.

"वैनी, बागंचा राखनदार पळाला."

"कुठं गेला?"

"म्हसवडकडं. दुसऱ्याच्या डाळिंबाला. त्येला तितं जेवान बी देत्यात म्हनं."

"मग दुसरा बघा की, भावजी."

"गावतुय कुठं? आता कुनाला माळावर ऱ्हायाला नगं. समद्यास्नी सातारच्या कंपनीत पंख्याखाली बसायचंय." अर्जुना तिच्यासमोर उकिडवा बसला. "मी काय म्हंतो, तुमीच ऱ्हावा की बागंत. छप्पर हाय, पान्याची टाकी हाय. सुई काय, तितंबी चालतीया."

बनुबाईचा हात थांबला. "माळावर एकली बाई? आन् हितं बायका येत्यात माझ्याकडं. ह्यो सोपा सोडून मी कुठं जायाची न्हाई."

"सोपा तुमच्या बापानं बांधलाय व्हय?"

तो हसला, परंतु हसताना त्याचे डोळे हसत नव्हते. आतून सासू हरणाबाईचा आवाज आला, "अर्जुना, गप रं. तुझ्याच लेकराची वाकळ शिवाय लागलीया ती." अर्जुना उठला, चिंध्यांच्या ढिगावरून मुद्दाम पाय देऊन आत गेला. बनुबाईने चिंध्या झटकल्या आणि पुन्हा टाका धरला.

अर्जुनाची बायको अंकिता ही सातारची. तिला माहेरी मुलगा झाला होता. त्याचे नाव शंभूराज ठेवले होते आणि अक्षय्य तृतीयेला मायलेकरे घरी येणार होती. त्या बाळासाठी ही वाकळ होती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर हरणाबाई काठी टेकीत येऊन वाकळेजवळ बसली. तिची नजर अधू झाली होती, परंतु बोटे शाबूत होती. तिने वाकळेवरून हात फिरविला.

"मधला चौकोन ठिवलायस का मोकळा?"

"ठिवलाय, आत्याबाई."

"मग घाल की. कशाची वाट बघतीस?"

बनुबाईने कनातीआडच्या पेटीतून एक पुरचुंडी आणली. तीत क्रांतीची कुंची होती. हिरव्या खणाची, काठाला लाल मणी लावलेली. इतकी वर्षे बनुबाईने तिला कात्री लावली नव्हती.

मेलेल्या मुलाचे कापड तान्ह्या मुलाला लागू देऊ नये, हे गावात शेंबडे पोरही सांगेल. परंतु बायकांत याच्या उलट एक गोष्ट होती. ती पुरुषांना माहीत नसे आणि दिवसाउजेडी कुणी बोलत नसे. क्रांती गेली त्या वर्षी हरणाबाईनेच ती बनुबाईच्या कानात सांगितली होती. अमृतच्या पाठीवर झालेला हरणाबाईचा मुलगा वर्षाचा होऊन वारला होता. पुढे अर्जुना झाला, तेव्हा त्याच्या दुपट्याच्या पोटात तिने त्या मेलेल्या मुलाच्या टोपड्याचा तुकडा शिवला. "मेल्यालं लेकरू जित्याच्या उशाला बसतं," ती म्हणाली होती. "राखन करतं. म्हनून ह्यो जगला, बने. न्हाईतर ह्यो बी सुकतच चालला व्हता."

आता बनुबाईच्या हातात कात्री होती.

"आत्याबाई, कुनाला कळलं तर?"

"कोन सांगतंय? तू सांगनार, का मी?" हरणाबाईने अंधुक डोळे तिच्याकडे लावले. "गप घाल. तुझी लेक बी घरात ऱ्हाईल आन् माझा नातू बी."

तळहाताएवढा तुकडा बनुबाईने कापला, एका मण्यासकट. तो मधल्या चौकोनात ठेवला. शेजारी भाकरीचा एक वाळलेला घास ठेवला. हा घास मात्र उघड्यावरचा रिवाज होता. गावातील प्रत्येक वाकळेत तो असे. वाकळ उपाशी ठेवू नये, उपाशी वाकळ माणसाची ऊब खाते, असे म्हणत. शेवटचा टाका घालून तिने गाठ आत दडविली. त्या रात्री कितीतरी वर्षांनी तिला शांत झोप लागली.

अंकिता आली. ती मनाने वाईट नव्हती. परंतु शहरात वाढलेली, त्यात पहिलटकरीण. "अक्का, हात धुतले का? बाटलीतलं लावा ना जरा," असे म्हणून ती बनुबाईच्या तळहातांवर औषधाचे थेंब टाकी. सुईने भोके पडलेल्या बोटांना ते झोंबे. बनुबाई मुकाट्याने हात चोळी आणि मग बाळाला घेई. शंभूराज त्या वाकळेवर असा झोपे की जणू ती जागा त्याच्या ओळखीचीच असावी. "अक्का, ह्या वाकळेवर टाकला की लगेच झोपतो बघा. सातारला रात्ररात्र रडायचा," अंकिता म्हणाली. बनुबाईने मान खाली घातली. त्या चार शब्दांवर ती चार दिवस जगली.

नंतर वळवाच्या आधीची ती चिकट, कोंडलेली हवा पडली आणि बाळाला ताप भरला. पहिल्या दिवशी गावच्या डॉक्टरने औषध दिले. दुसऱ्या दिवशी बाळाची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होऊ लागली. आटपाडीला नेले, तिथून पुढे सातारला हलविले. जाताना अंकिताने वाकळ घरीच ठेवली, दवाखान्यात कपडे त्यांचेच असतात म्हणून. बनुबाई फटफटीमागे वेशीपर्यंत धावली. परतल्यावर तिने ती वाकळ छातीशी धरली आणि मधल्या चौकोनावर ओठ टेकून म्हणाली, "राखन कर गं, बाई. धाकटा भाऊ हाय तुजा."

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुना गाडी करून आला. त्याच्याबरोबर अंकिताची आई चंद्राबाई होती. मुलगी दवाखान्यात बाळाजवळ, आणि आई इथे. ती कुठल्याशा जाणत्याकडे, म्हणजे देवऋषाकडे, जाऊन आली होती. चपला न काढताच ती सोप्यात आली.

"विहीणबाई, बाळाचं अंथरूण कुठंय?"

हरणाबाई खांबाला टेकून बसली होती. "का हो? काय झालं?"

"जाणत्यानं सांगितलंय, अंथरुणात आहे. पोराच्या पाठीखाली काहीतरी आहे म्हणाला."

तोवर गाडी पाहून अंगणात माणसे जमली होती. बायका भिंतीकडेला उभ्या राहिल्या. बहुतेकींच्या घरी बनुबाईच्या हातची वाकळ होती. शेजारचे आकाराम फौजी, लष्करातून निवृत्त झालेले, मिशीला पीळ देत पुढे आले. गावात कोणतीही गोष्ट त्यांच्या शिस्तीवाचून होत नसे.

"हे बघा," ते म्हणाले, "त्या गोष्टीचं नाव कुनी घ्यायचं न्हाई. जादूटोन्याचा कायदा हाय. आत जाल समदी. ए, त्यो मोबाइल खिशात घाल रं! नुसती वाकळ उसवून बघायची. वाकळ उसवायला कुठला कायदा आडवा येत न्हाई."

"उसवायची कुनी?" अर्जुनाने विचारले.

कुणीच पुढे होईना. वाकळेला हात लावायला सगळे भ्याले. चंद्राबाई म्हणाली, "जिनं शिवली तिनंच उसवावी."

"आर्डर बराबर हाय," फौजी म्हणाले.

अंगणाच्या मध्यभागी, भर उन्हात, बनुबाईला बसविले. कोपऱ्यांवर ठेवायला तिचे दगडही कुणी दिले नाहीत. तिने वाकळेचा एक कोपरा पायाच्या अंगठ्याखाली धरला आणि सुईच्या टोकाने पहिला टाका उचलला.

"शिवाया म्हैना, उसवाया घटका," मागून कुणीतरी बोलले आणि दोघे-तिघे हसले.

टाका उचलायचा, दोरा ओढायचा. ओढलेला दोरा बनुबाईचा हात आपोआप काडीवर गुंडाळीत होता. मन कुठेही असले तरी हाताला आपली वळणे पाठ होती. उन्हाने डोके तापले. घाम डोळ्यांत उतरू लागला आणि टाके दिसेनासे झाले, तेव्हा ती चाचपून उसवू लागली. कडेचा चौकोन सुटला, त्याच्या आतला सुटला. प्रत्येक टाक्याबरोबर ती त्या मधल्या जागेच्या जवळ जात होती, आणि तिथे काय आहे हे तिला आणि खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीला, दोघींनाच ठाऊक होते.

इतक्यात अर्जुनाचा फोन वाजला. तो गोठ्याकडे जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याने कपाळ पुसले आणि एक मोठा श्वास सोडला. बनुबाईने आशेने वर पाहिले.

"भावजी, बाळ कसं हाय?"

"उसवा तुमी," तो म्हणाला.

मधला चौकोन सुटला. आधी भाकरीचा घास बाहेर आला, वाळून दगड झालेला. चंद्राबाई दोन पावले मागे सरकली.

"हे काय? हे काय ठेवलंय?"

"घास हाय त्यो," बनुबाई म्हणाली. "वाकळंला घालत्यात."

"आमच्याकडं नाही असलं काही! विहीणबाई, तुम्ही सांगा. असतो का असा घास?"

"असतुय," हरणाबाई म्हणाली. भिंतीकडेच्या बायकांनी माना हलविल्या. क्षणभर अंगणातील हवा सैल झाली. फौजी म्हणाले, "हां, मग झालं तर." बनुबाईने तेवढ्यात वाकळ दुमडायला हात घातला, परंतु चंद्राबाईने हरणाबाईजवळची काठी उचलून तिच्या टोकाने कापड बाजूला सारले, आणि हिरवा तुकडा उन्हात पडला. त्याचा लाल मणी चकाकला.

अर्जुना खाली वाकला. तो खण त्यानेच म्हसवडच्या यात्रेतून पुतणीसाठी आणला होता.

"ही क्रांतीची कुंची हाय," तो म्हणाला.

तो बनुबाईकडे वळला.

"मेल्याल्या पोरीचं कापड? माझ्या लेकराच्या पाठीखाली?"

"राखनीला घातलं, भावजी. देवाशपथ राखनीला घातलं. माझी लेक त्येचं वाईट करंल का?" बनुबाई गुडघ्यांवर आली. तिने भिंतीकडे पाहिले. ज्या बायकांनी तिच्याजवळ बसून आपापली मेलेली माणसे चिंध्यांतून तिच्या हाती दिली होती, त्यांतील प्रत्येक बाई आपल्या पायाच्या नखाकडे पाहत होती. मग ती खांबाकडे वळली. "आत्याबाई, तुमी सांगा की. तुमीच न्हाई का—"

पुढचा शब्द ओठांवर येण्याआधीच म्हातारी उठली होती. इतकी चपळाई तिच्या अंगात शिल्लक असेल असे कुणाला वाटले नसते. तिने बनुबाईच्या तोंडावर एक मारली, दुसरी मारली. दातांत ओठ सापडून रक्त आले.

"माझं नाव घेती, रांड! मला डोळ्यानं दिसत न्हाई, ही काय शिवती मला काय ठावं? स्वताचं खाल्लं, आता दुसऱ्याचं खाया बसलीया!"

म्हातारीने चाचपडत तो हिरवा तुकडा उचलला आणि स्वतःच अंगणातल्या चुलीत टाकला. पाठोपाठ उसवलेली वाकळ गेली, मग सोप्यातील चिंध्यांचे बोचके, मग पेटीतील उरलेली कुंची. जुने सुती कापड ते. पेटायला वेळ लागला नाही. मण्यांचे तेवढे फटफट आवाज आले.

संध्याकाळी गावभर झाले की वाकळ जाळली आणि पोराचा ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बनुबाई माळावरच्या बागेतील छपरात होती. सोबत एक तवा, एक कळशी आणि अंगावरचे लुगडे. सोप्यातील खांबाजवळच्या जागेवर अर्जुनाने फटफटी उभी केली. बागेत काम पुष्कळ होते. नळ्यांतून ठिबकणारे पाणी झाडागणिक बघायचे, तुंबलेल्या नळीला तोंड लावून फुंकायचे, काटेरी फांद्या आवरायच्या, माकडे हाकायची. औषधाच्या फवाऱ्याचा उग्र वास छपराच्या पाल्यातसुद्धा मुरलेला होता. भाकरी खाताना तोंडात तोच वास येई. डाळिंबाच्या काट्यांनी हात फाटले. परंतु हात फाटल्याचे दुःख तिला नव्हते; ते रिकामे होते, याचे होते. शिवायला चिंधी नव्हती. गावातून कुणी बोचके घेऊन येणार नव्हते. ज्यांच्या घरात तिच्या वाकळा होत्या त्यांनी त्या उन्हात टाकल्या. उसवल्या मात्र कुणी नाहीत. आतून काय निघेल, हे ज्याचे त्याला माहीत होते.

काही दिवसांनी अर्जुना पिठाची पिशवी घेऊन आला. झाडांवरून फिरून, नळ्या बघून तो खूश झाला. जुना राखणदार इतके नेटके ठेवीत नव्हता.

"बाळ बरं हाय का, भावजी?"

"एकदम झ्याक. हसतंय आता. डाक्टरनं सुई बदलली आन् त्याच पाटंला ताप उतारला व्हता."

बनुबाई नळी धूत होती. तिचा हात तसाच राहिला.

"पाटंला? कवाच्या पाटंला?"

आपण काय बोलून गेलो ते अर्जुनाच्या ध्यानात आले. त्याने पायाने एक ढेकूळ फोडले.

"म्हंजी तुमी आला त्या सकाळी? मी उसवीत व्हते तवा त्यो फोन आला, त्यो ह्येच सांगाया?"

"व्हय."

"मग बाळ बरं झाल्यालं कळूनशान बी मला उसवाया लावलं?"

"सुरू झालं व्हतं नव्हं, वैनी. चार मान्सं जमल्याली. मदीच कसं थांबवायचं?" तो फटफटीवर बसला आणि किक मारण्यापूर्वी, अगदी सहज, हिशेबाची गोष्ट सांगावी तसे म्हणाला, "आन् राखनदार बी पायजेच व्हता की."

फटफटी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत बनुबाई तिथेच उभी होती. मग वाकून तिने नळी झाडाच्या बुंध्याशी लावली, कारण पाणी वाया जात होते.

त्याच दिवशी, सूर्य टेकडीला टेकला असताना, बांधावरून हरणाबाई येताना दिसली. काठी ठोकीत, थांबत, डोक्यावर एक गाठोडे घेऊन. छपरापाशी येऊन तिने ते खाली टाकले. ती तिच्या अंथरुणाची जुनी वाकळ होती. त्या वाकळेच्या पोटात अर्जुनाचे लहानपणीचे दुपटे होते. जुने कापड नव्या कापडाच्या पोटात घालीत जायचे, अशीच वाकळ वाढत जाते.

"ह्यावर नीज," म्हातारी म्हणाली. "खाली दगड हायती."

"आन् तुमी कशावर निजनार?"

"मला सातारची गादी आनलीया. अंकिता म्हंती, जुनं काय घरात नगं. समदं उसवून बघू म्हंती एकदा." ती दम घेत उभी राहिली. तिने बनुबाईच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. "ही घरात नगं आता."

बनुबाईला समजले. तिचा ओठ अजून सुजलेला होता.

"बोलला का न्हाई, आत्याबाई? एक शबूद."

"काय बोलू? अमृत तर गेला. माझं एकच ऱ्हायलंय गं. त्येच्या दारात मराचंय मला. ह्या वयात मला बी माळावर बसवलं असतं." म्हातारीने पदराने नाक पुसले आणि मग जे बोलली ते तिने रागाने म्हटले नाही, ती ते खरेच मानीत होती. "तुझं काय जायाचं ऱ्हायलं व्हतं?"

ती बांधावरून परत गेली. तिची काठी ढेकळांत रुतत होती. परंतु बनुबाई हात द्यायला उठली नाही.

उजेड अजून होता. बनुबाईने वाकळ पसरली आणि बोटांनी चाचपली. मधोमध काहीतरी गाठीसारखे लागले. तिने केसांत खोचलेली सुई काढली. ती जळायची राहिली होती. तिने मधला चौकोन उसवला. एकाखाली एक, चार लुगड्यांचे थर निघाले. सर्वांत आत दुपटे, आणि दुपट्याच्या पोटात टोपड्याचा एक तुकडा. रंग कोणता होता ते आता सांगता आले नसते. त्याला काळ्या दोऱ्याचा एक लहान गोंडा होता. शेजारी घासाच्या जागी नुसता भुगा उरला होता.

तिने तो तुकडा तळहातावर घेतला. गाव समोर दिसत होते. वीस मिनिटांच्या वाटेवर ते अंगण होते, ते फौजी होते, त्या माना खाली घातलेल्या बायका होत्या. हा तुकडा अर्जुनाच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचे, बघा, तुमी ह्याच्यावर वाढला. मग म्हातारीही उद्या ह्या छपरात येईल. आणि हा तुकडाही चुलीत जाईल.

तिच्या मुठीत तो गोंडा दबला. हे मूल तिने पाहिलेलेही नव्हते. परंतु टोपड्याची गोष्ट म्हातारी खोटी बोलली नव्हती, आणि ह्याची राखण आता दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

बनुबाईने कनवटीला हात घातला. तुरीची काडी तिथेच होती. तिच्यावर बाळाच्या वाकळेचा उसवलेला दोरा गुंडाळलेला होता. सर्वांत वरचे वेढे मधल्या चौकोनाचे, क्रांतीच्या कुंचीतून ओढलेले. त्यांवर हिरव्या खणाचे दोन-चार तंतू चिकटून आले होते. वाकळ जाळणाऱ्यांना दोरा आठवला नव्हता.

तिने सुई उजेडाकडे धरली आणि दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला गेला.

तव्यावर रात्रीची एकच भाकरी होती. तिने तिचा घास मोडला, औषधाच्या वासाचा, आणि टोपड्याच्या तुकड्याजवळ ठेवला. दुपट्यावर एक थर, त्यावर दुसरा, असे करीत तिने चौकोन मिटविला. काट्यांनी फाटलेल्या बोटांतून दोरा जाताना लाल होत होता. तरी टाके सारखे पडत होते.

शेवटची गाठ तिने आत दडविली. मग राहिलेली भाकरी खाऊन ती बागेला एक फेरी घालायला उठली, कारण खालच्या वाफ्याकडून माकडांचा आवाज येऊ लागला होता.